मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, मधे उतरायला जागा नाही

अमेरिकेहून परत आल्यापासून केळवलीत जो भेटतो तो पहिला प्रश्न एकच विचारतो, "किती तास लागलं गं?" मी म्हणते सोळा. मग समोरचा माणूस डोळे मोठे करतो, "एका बैठकीत?" म्हणतो, आणि समाधानाने आपल्या वाटेने जातो. तिकडे काय पाहिलं, काय खाल्लं, पुतणीला मुलगा झाला की मुलगी, याची चौकशी नंतर. सोळा तास हा आकडा ऐकून लोकांना मजा वाटते. मला मात्र तो उच्चारताना अजून भीती वाटते, आणि ती का वाटते ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधीच सांगते, मी भित्री बाई आहे. पाळण्यात बसायचं सोडाच, जत्रेत दुसरे बसले तरी मी डोळे मिटून घेते. खोपोलीला माझा शिवणक्लास आहे, तिथल्या मुली मला "कात्रीला न घाबरणाऱ्या मॅडम" म्हणतात, पण त्यापलीकडे माझं धाडस जात नाही. तेव्हा यात कुणी शौर्य शोधू नये.

माझ्याबरोबर होत्या माझ्या मोठ्या जाऊबाई, इंदूवैनी. नवरा वैनी म्हणतो म्हणून लग्न झाल्यापासून मीही वैनीच म्हणते. आमचे थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची एकुलती मुलगी पल्लवी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. तिचे दिवस भरत आले होते, आणि लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आई हवीच. वैनींनी भात लावला, म्हशी सांभाळल्या, घर एकटीने चालवलं, पण इंग्रजीचा गंध नाही. म्हणून सोबतीला मी. मला तरी कुठे इंग्रजी येतं! स्लीव्ह, कॉलर आणि काजबटण यांच्यापुढे माझी गाडी अडते.

केळवली

जायच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिघं ओटीवर बसलो होतो. वैनी सुपात वाल निवडत होत्या. आमच्या ह्यांनी मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली आणि अंतर मोठ्याने वाचलं.

"साडेतेरा हजार किलोमीटर!"

वैनींचा हात थांबला. "म्हंजे कर्जत-खोपोली किती येळा रं?"

ह्यांनी मनात भागाकार केला. "नऊशे येळा, वैनी."

"जाऊन-येऊन?"

"नुसतं जाऊन."

"आन मदी ठेसनं किती?"

"एकबी नाय. जपान गेलं का मग खाली नुसता समुद्र. पार अमेरिका येईस्तवर."

हे इतक्या आनंदात सांगत होते की जणू समुद्र ह्यांनीच खणला होता. मी म्हटलं, "तुमी जरा गप ऱ्हावा." माझ्या हाताला घाम फुटला होता. वैनी मात्र पुन्हा वाल निवडायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, आणि मला त्यांचा हेवा वाटला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. आमच्याकडच्या बायका प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत. पहाटे चहाचे दोन घोट घ्यायचे, आणि मग मुक्कामाला पोचेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. टेंपोने जेजुरीला जायचं असो की एसटीने महाडला. गाडी थांबते ती पुरुषांच्या सोयीने. पुरुष रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहतात, बाईने जायचं कुठे? म्हणून आईच मुलीला लहानपणी शिकवते. जी बाई दिवसभर कळ काढते तिच्याबद्दल घरात कौतुकाने म्हणतात, "हिचा काय तरास नाय." इंदूवैनींचा कधीच कुणाला त्रास नसे. जेजुरीला जाऊन रात्री घरी आल्यावर त्या शांतपणे माठाजवळ जात आणि एकापाठोपाठ तीन तांबे पीत. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

मुंबईचा विमानतळ

दुपारचं विमान होतं, म्हणून आम्ही उजाडायच्या आत घर सोडलं. वैनींच्या परकराला मी आतून चोरकप्पा शिवून दिला होता, पासपोर्ट हरवू नये म्हणून. टाके इतके पक्के घातले आणि तोंडाला इतकी घट्ट नाडी ओवली की काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट मागितल्यावर वैनींना खांबाआड जाऊन पाच मिनिटं झगडावं लागलं. मागची रांग चुळबुळ करत होती. शेवटी मी पर्समधली छोटी कात्री शोधायला लागले, तेव्हा आठवलं की कात्री ह्यांनी दारातच काढून घेतली होती. वैनींनी नाडी दाताने तोडली. पासपोर्ट देताना त्या मुलीला म्हणाल्या, "जरा ऊबदार लागंल, बाय." ती मुलगी हसली. सबंध प्रवासातलं माझं हसू तिथेच संपलं.

पल्लवीने व्हीलचेअर मागायला सांगितलं होतं. वैनींनी ती खुर्ची पाहिली आणि म्हणाल्या, "मी काय लुळी हाय?" मग त्या ताठ चालत राहिल्या आणि मी त्यांच्या मनगटाला धरून मागून गेले. सरकत्या जिन्यावर मी डोळे मिटले. आत काचेतून विमान दिसलं, तेव्हा माझे पाय जमिनीला चिकटले. एवढं मोठं लोखंड वर कसं जाणार, आणि गेलं तरी सोळा तास वर कसं राहणार, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

वर

वैनी खिडकीत, मी मधे, आणि पलीकडे मधल्या वाटेच्या बाजूला केरळच्या एक बाई. तिकडच्या इस्पितळात नर्स होत्या, सुट्टीवरून परत चालल्या होत्या. मोडक्यातोडक्या हिंदीत आमची ओळख झाली. मी पहिलाच प्रश्न विचारला, "ये गिरता तो नहीं ना?" त्या म्हणाल्या, "आज तक तो नहीं गिरा." हे उत्तर मला अजिबात आवडलं नाही.

विमान धावायला लागलं तशी मी वैनींचा हात इतका आवळला की माझ्या नखांच्या खुणा त्यावर उमटल्या. "देवा, देवा" म्हणत होते, तेही मोठ्याने. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला. वैनी दुसऱ्या हाताने माझी पाठ थोपटत होत्या. "झालं गं, झालं. लागली गाडी वरच्या रस्त्याला."

जेवण आलं. पनीरचे चार तुकडे, मोकळा भात, हाताला बोचेल इतकं थंड दही आणि दगडासारखा गार पाव. वैनींनी भाताचे दोन घास खाल्ले आणि मिठाईचा तुकडा कागदात गुंडाळून ठेवला, पल्लवीला म्हणून. भीतीने माझ्या तोंडाला सारखी कोरड पडत होती. दर थोड्या वेळाने एक मुलगी ट्रेमधून पाण्याचे पेले घेऊन यायची. वैनी आपला पेला घ्यायच्या आणि माझ्यापुढे सरकवायच्या. "घे, तूच पी. तुजं त्वांड बघ कसं झालंय." मी दोन्ही पेले रिकामे करायची. किती माया करतात या, असं माझ्या मनात यायचं.

थोड्या वेळाने विमान डोंगरावरच्या रस्त्यासारखं गचके खायला लागलं. मी उशीत तोंड खुपसलं. तेवढ्यात वैनी म्हणाल्या, "मी जरा मोरीत जाऊन येते गं." मी मान वर केली नाही. नुसता हात हलवला. नर्सबाईंनी उठून वाट दिली आणि वैनी एकट्याच मागे गेल्या. बऱ्याच वेळाने परतल्या. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला होता.

"कशी हाय मोरी?" मी उशीतूनच विचारलं.

"बेस हाय," वैनी म्हणाल्या, आणि त्यानंतर एकदाही जागेवरून उठल्या नाहीत.

समोरच्या पाठीवर एक पडदा असतो. त्यावर नकाशा, त्यात आपलं इवलं विमान, आणि खाली आकडे: किती उंच, बाहेर किती थंडी, मुक्काम अजून किती लांब. शहाण्या माणसाने तो बंद करून सिनेमा बघावा. मी तो एकटक बघत बसले. जोवर नकाशावर गावांची नावं होती तोवर जिवात जीव होता. पडलोच तर कुठल्यातरी गावात पडू, कुणीतरी धावून येईल, असा माझा हिशोब. मग जपान मागे गेलं आणि पडद्यावर निळा रंग तेवढा उरला. नाव नाही, बेट नाही. खिडक्या बंद करून दिवे मालवले होते, सगळे झोपले होते. कर्जतहून गाडी सुटली की पळसदरी, मग आमचं केळवली, मग डोळवली, लौजी, अशी दर काही मिनिटांनी कुणाची तरी उतरायची सोय असते. इथे कुणालाच उतरता येत नव्हतं, हे मला त्या निळ्या रंगात पहिल्यांदा नीट कळलं, आणि माझे दात वाजायला लागले.

समुद्रावर

अर्धा प्रवास कधीच उलटून गेला होता. वैनींनी माझ्या दंडाला हात लावला. "सुनंदा, पोटऱ्यांत गोळं आल्यात. जरा उबी ऱ्हाते."

आवाज खोल गेला होता. मी नर्सबाईंना हलवून जागं केलं. त्या उठून बाजूला झाल्या. वैनी खुर्च्यांच्या पाठी धरत वाटेत आल्या, एक पाऊल टाकलं, आणि काही न बोलता खाली गेल्या. नर्सबाईंनी काखेत धरलं म्हणून डोकं आपटलं नाही.

मी किंचाळले. त्या अंधारात माझा आवाज ऐकून दहा दिवे लागले. वैनी वाटेत आडव्या, डोळे अर्धे उघडे, चेहरा राखेसारखा. हात धरला तर गार आणि चिकट. मी "वैनी, वैनी" करत त्यांचे गाल थापटत होते आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

नर्सबाईंनी मला खांद्याला धरून बाजूला केलं. वैनींचे पाय उचलून आपल्या बॅगेवर ठेवले, नाडी बघितली, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. मग त्यांनी मला विचारलं, "पानी कब पिया?"

एकेक पेला डोळ्यांसमोर आला. दोन्ही मी प्यायले होते. घरून निघाल्यापासून वैनींनी पाण्याचा घोट घेतलेला मला आठवत नव्हता. पहाटेचा चहा, तोही अर्धा कप.

"नहीं पिया," मी म्हटलं. "सुबह से नहीं पिया."

"दवाई?"

बीपीच्या दोन गोळ्या. त्यातली एक लघवी करवणारी. त्या मात्र वैनींनी नेमाने घेतल्या होत्या, विमानतळावर, थुंकीबरोबर गिळून.

विमानातल्या मुली धावत आल्या. एकीने ऑक्सिजनची नळी लावली, एकीने बीपीचं यंत्र आणलं. आकडा बघून नर्सबाईंच्या कपाळाला आठी पडली. मुलींमधली जी मोठी होती ती भिंतीवरच्या फोनवरून कॅप्टनशी बोलून आली. तिचं आणि नर्सबाईंचं भरभर इंग्रजीत झालं. मग नर्सबाई माझ्याकडे वळल्या. कॅप्टन विचारतो आहे, विमान दुसरीकडे उतरवायचं का. मी म्हटलं, उतरवा, आत्ता उतरवा. त्या हळू आवाजात म्हणाल्या, सगळ्यात जवळचा विमानतळसुद्धा तीन तासांवर आहे. मागे वळलो तरी तेवढंच, पुढे गेलो तरी तेवढंच.

तीन तास. माणूस तीन मिनिटांत जातो. माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. इथे कुणी मेलं तर ठेवतात कुठे? पल्लवी तिकडे पोट सांभाळत दारात उभी असेल, तिला मी काय सांगू? तुझ्या आईच्या वाटचं पाणी मी प्यायले, हे? विमानाला पुन्हा गचके बसायला लागले होते. ट्रेमधले पेले खणखणत होते. इतका वेळ ज्या गचक्यांना मी मरणाएवढी घाबरत होते, ते आता मला कळलेसुद्धा नाहीत.

एका मुलीने पाण्यात मीठ-साखरेची पूड कालवून आणली. नर्सबाईंनी चमचा वैनींच्या ओठाला लावला. वैनी थोड्या शुद्धीवर येत होत्या. त्यांनी दात आवळले. चमचा पुन्हा लावला, त्यांनी मान फिरवली. पाणी गालावरून ओघळून कानात गेलं. नर्सबाई चकित झाल्या. जीव चाललेला माणूस पाण्याला नको म्हणतो, हे त्यांनी कधी पाहिलं नसावं. मला मात्र त्या आवळलेल्या दातांची ओळख पटली. माझेही दात प्रवासात तसेच आवळलेले असतात.

मी वाटेतच त्यांच्या डोक्याशी पालथी झाले आणि कानाला तोंड लावलं. "वैनी, पाणी प्या."

"नको गं," त्या पुटपुटल्या. "परत जाया लागंल."

"कुठं?"

"मोरीत. त्या मोरीत नको."

"मी येते तुमच्यासंगं. दार लावायचंच नाय. मी दारात पाय घालून उबी ऱ्हाते."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "शपत?"

"पल्लवीची शपत."

मग त्यांनी तोंड उघडलं. पहिला चमचा गेला, दुसरा गेला. नर्सबाई घोटाघोटाला थांबत होत्या, घाई करू देत नव्हत्या. मी चमचे मोजायला लागले आणि मधेच चुकले. मोठी मुलगी दोनदा फोनकडे गेली आणि दोनदा नर्सबाईंनी हाताने "थांब" अशी खूण केली. अर्धा तास बघू, असं ठरलं होतं. त्या अर्ध्या तासात मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, फेडता फेडता म्हातारी होईन.

यंत्राचा आकडा वर सरकला. पुन्हा बघितला, आणखी वर. वैनींच्या हाताला ऊब आली. नर्सबाईंनी मोठ्या मुलीला अंगठा दाखवला आणि ती फोनवर सांगायला गेली की आहे त्याच वाटेने चला. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. पुढच्या रांगेतल्या त्या माणसाने मला आपला रुमाल दिला.

दोनेक तासांनी वैनींनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. वेळ आली होती. नर्सबाई आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना मागे घेऊन गेलो. एका मुलीने पडदा ओढून धरला. मी दारात पाय घालून पाठमोरी उभी राहिले आणि "मी हाय, वैनी, मी हाय" म्हणत राहिले. शेवटी पाणी सोडायचं बटण मीच दाबलं. घशातून ओढून नेल्यासारखा आवाज झाला आणि माझं काळीज लक्कन हललं. आत एकटीने, दार बंद करून, गचके खात हे ऐकल्यावर वैनींचं काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं.

तिकडे

विमान उतरलं, दार उघडलं आणि आधी दोन धिप्पाड माणसं पेट्या घेऊन आत आली. त्यातला एक वैनींपुढे गुडघे टेकून बसला आणि नाव विचारलं. वैनींनी एका दमात सांगितलं, "इंदुमती दत्तात्रेय, मुक्काम केळवली, तालुका खालापूर, जिल्हा रायगड." तो म्हणाला, "ओके." त्यांनी सगळं तपासलं, भरपूर पाणी पाजा म्हणून बजावलं आणि व्हीलचेअर दिली. या वेळी वैनी आपणहून तीत बसल्या. नर्सबाईंनी निघताना वैनींच्या गालाला हात लावला. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्या घाईघाईने मागे सरल्या.

बाहेर सूर्य अजून मावळायचा होता. ज्या दिवशी दुपारी आम्ही मुंबई सोडली त्याच दिवसाची संध्याकाळ. "आजचा दिस सरलाच नाय व्हय?" वैनींनी विचारलं. पल्लवीने एवढं मोठं पोट घेऊन आईला मिठी मारली, आणि मी सगळं सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला. "काकी, तू शेजारी बसली होतीस ना? तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" मी व्हीलचेअर ढकलत गाडीकडे चालू लागले.

तिथला मुलूख पाहण्यासारखा आहे. डोंगर आहेत, हिरवेगार, पण माणसाने भादरल्यासारखे, झाड क्वचित. बोरघाटाकडे बघायची सवय असलेल्या डोळ्यांना ते अर्धवट वाटतात. सकाळी खाडीकडून धुकं येतं. मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बागेत, दुकानात, मोठ्या रस्त्याच्या कडेला, जिथे जाल तिथे स्वच्छतागृह, आणि बायका हातात बाटली घेऊन चालता चालता घोट घेतात. वैनी गाडीच्या खिडकीतून बघत राहायच्या. "या बाया वाटंनं पानी पीत जात्यात. यांना कसलंच भ्या नाय गं?"

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पल्लवी झोपली होती. मी वैनींच्या पायांना तेल लावत होते. मनात जे सलत होतं ते विचारून टाकलं. "मोरीत काय झालं होतं?"

वैनींनी सांगितलं. दार मधून दुमडतं हे त्यांना कळलं नाही. आत गेल्यावर कडी लागली ती उघडेना. तो आवाज झाला, आणि गचक्यांमुळे जागेवर बसा म्हणून वर घंटी वाजली, लाल दिवा लागला. त्यांना वाटलं आपल्या हातून विमानाचं काही तुटलं. आत उभ्या उभ्या त्यांनी पल्लवीला हाका मारल्या. कुणीतरी बाहेरून दार ढकललं तेव्हा सुटल्या.

"मग मला का नाय सांगितलं?" माझा आवाज चढला. "मी शेजारीच होते की."

"तू किती घाबरली हुतीस," त्या म्हणाल्या. "तू अशी घाबरलीस का मला घाबरायला जागाच ऱ्हात नाय गं."

त्या रागावल्या नव्हत्या. नेहमीसारख्याच बोलल्या. माझे हात मात्र त्यांच्या पोटरीवर थांबले. सासरे गेले तेव्हा, दीर गेले तेव्हा, पुराच्या वर्षी पाणी ओटीला लागलं तेव्हा, प्रत्येक वेळी मी मोठ्याने रडले आहे आणि वैनींनी माझी पाठ थोपटली आहे. या बाईला भीती वाटतच नाही, अशी आम्हा सगळ्यांची पक्की समजूत होती, आणि आम्हाला ती सोयीची होती.

परत

पल्लवीला मुलगी झाली, सुखरूप. आम्ही हळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू केले, टबात पाय ठेवून बाळाला पायांवर न्हाऊ घातलं. दिवस भरभर गेले आणि परतीची तारीख आली. येताना वारा समोरून असतो, वेळ आणखी जास्त लागतो, हे जावयांनी सांगितलं तेव्हापासून माझी झोप उडाली.

तिथल्या विमानतळावर आम्ही काचेपाशी बसलो होतो. बाहेर आमचं विमान उभं होतं. माझे तळहात ओले झाले होते, आणि ओठांवर ते नेहमीचं "देवा, देवा" येऊन थांबलं होतं. तेवढ्यात वैनींनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात आपणहून असा कधी धरला नव्हता.

"सुनंदा," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला लय भ्या वाटतंय गं."

मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी विमानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन मोठे घोट घेतले.

"वाटू द्या," मी म्हटलं. "मी हाय."

भीती मलाही वाटत होती, तोंडाला कोरड पडली होती. पण त्या दिवशी घाबरायची पाळी त्यांची होती.